चार ग्रंथपाल आणि एक पत्र

ग्रंथपाल हा तसा कमी बोलणारा माणूस. 'शांतता राखा' ही पाटी त्याच्याच डोक्यावर टांगलेली असते. पण अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात चार ग्रंथपालांना खुद्द सरकारनंच गप्प बसवलं होतं. त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर दीड महिन्यात तिथं पॅट्रिअट अॅक्ट आला. सिनेटमध्ये ९८ मतं बाजूनं आणि विरोधात एकच, रस फाइनगोल्ड यांचं. या कायद्यानं 'नॅशनल सिक्युरिटी लेटर' या जुन्याच हत्याराला नवी धार लावली. नाव पत्राचं, पण असतो तो हुकूम. एफबीआयला त्यासाठी न्यायाधीशाकडे जावं लागत नाही, आपल्याच वरिष्ठाची सही पुरते. २००३ ते २००५ या तीन वर्षांत अशा १ लाख ४३ हजारांवर मागण्या झाल्या. शिवाय तेव्हा ज्याला पत्र मिळे, त्यानं ते मिळाल्याचं घरच्या माणसालाही सांगायचं नसे.

जुलै २००५मध्ये असं पत्र कनेक्टिकटमधल्या २५हून अधिक वाचनालयांचं संगणकजाळं सांभाळणाऱ्या संस्थेच्या हाती पडलं. त्या फेब्रुवारीत एका दिवशी, पाऊण तासाच्या अवधीत, एक संगणक कोण वापरत होतं ते सांगा, अशी मागणी. ते सांगायचं तर त्या वेळी तिथं बसलेल्या साऱ्यांचीच माहिती द्यावी लागली असती. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे वाचकाची नोंद गोपनीय मानतात. मला हे फार मोलाचं वाटतं. वाचनावरून माणसाचे बेत ठरवायचे म्हटले, तर अर्नाळकरांच्या रहस्यकथांची रात्र-रात्र पारायणं करणारे आपण सारे केव्हाच गजाआड गेलो असतो! आणि माझ्यासारख्या नावाच्या वाचकाला तर कोणतंही पुस्तक मागताना आधी इकडेतिकडे बघावं लागेल.

सरकारचं म्हणणं पोकळ होतं असं नाही. विमानं पळवणाऱ्यांपैकी काहींनी फ्लोरिडातल्या वाचनालयाचे संगणक वापरले होते. पण तिथल्या एका ग्रंथपाल बाईंनी त्यांना ओळखून आपणहून पोलिसांना कळवलं होतं. सरकारला मदत करायला ग्रंथपालांची ना नव्हतीच. न्यायाधीशानं मागणी तपासावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

संस्थेच्या चार पदाधिकाऱ्यांनी माहिती दिली नाही, उलट सरकारवर खटला भरला. नाव उघड करता येईना, म्हणून फिर्यादी 'जॉन डो', म्हणजे आपल्याकडचा 'अमुक तमुक'. स्वतःच्या खटल्याची सुनावणी त्यांना दुसऱ्या शहरातल्या न्यायालयात, बंद खोलीत बसून टीव्हीवर पाहावी लागली. त्यांच्यापैकी एकाचं नाव तर सरकारी कागदांवरूनच फुटलं. ते वर्तमानपत्रात छापून आलं, तरी 'होय, तो मीच' म्हणण्याची त्यांना मुभा नव्हती. सप्टेंबर २००५मध्ये न्यायाधीश जॅनेट हॉल यांनी बोलण्यावरची ही बंदी घटनाविरोधी ठरवली. सरकार अपिलात गेलं आणि बंदी कायम राहिली.

माझ्या मते या प्रकरणाची खरी गोम पुढेच आहे. त्याच महिन्यांत अमेरिकी संसदेत पॅट्रिअट अॅक्टची मुदत वाढवण्यावर वाद चालू होता. वाचनालयांची उगाच भीती घातली जाते आहे, अशी टवाळी २००३मध्येच अॅटर्नी जनरल जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी केली होती. ही भीती उगाच नाही, हे स्वतःच्या अनुभवानं सांगू शकणारी ही चार माणसं. पण संसदेत वाद रंगला तेव्हा त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. मार्च २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नूतनीकरणाच्या कायद्यावर सही केली. बंदीचा आग्रह सरकारनं सोडला तो त्यानंतरच्या महिन्यात. जूनमध्ये तर माहितीची मागणीही मागं घेतली. ती माहिती ग्रंथपालांनी शेवटपर्यंत दिली नाही.

अशी पत्रं आजही निघतात. २०१५च्या कायद्यानं गुप्ततेच्या अटीचा अधूनमधून फेरविचार करणं एफबीआयला भाग पाडलं. त्या चौघांपैकी एकानं सिनेटच्या उपसमितीपुढं साक्ष दिली ती एप्रिल २००७मध्ये. तोवर कायदा होऊन वर्ष उलटलं होतं.