विश्लेषण : संगणक सुरूच होत नाही, म्हणजे डेटा गेला का? बूट लोडर बिघडल्यावर ‘फॉरमॅट’आधी काय करावे?

भिवापूर (जि. नागपूर) : जुलैचा शेवटचा आठवडा. खरीप पीकविम्याची मुदत संपत आलेली, सेवा केंद्राबाहेर सातबारा, आधार आणि बँक पासबुकच्या झेरॉक्स घेऊन लोक उभे. तेवढ्यात ढग गडगडतात, वीज जाते. दहा मिनिटांनी येते. केंद्रचालक संगणकाचे बटण दाबतो, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते : ‘बूटएमजीआर इज मिसिंग’.

भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रसंग नवा नाही. यानंतरचे वाक्यही ठरलेले असते : ‘भाऊ, फॉरमॅट मारा लागन.’ फॉरमॅट मारला की संगणक तासा-दोन तासांत सुरू होतो, हे खरे. पण त्यासोबत स्कॅन केलेली कागदपत्रे, जुन्या पावत्या, दुकानाचा हिशेब, एखाद्या फोटो स्टुडिओतले लग्नाचे अल्बम, असे बरेच काही पुसले जाऊ शकते. गंमत म्हणजे, ही ओळ दिसते तेव्हा बहुतेक वेळा त्या फाइल्सना काहीही झालेले नसते.

बटण दाबल्यावर नेमके काय घडते?

विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली हार्ड डिस्कवर असते. पण संगणक चालू होतो त्या क्षणी त्याला डिस्कवर काय आहे, हे ठाऊक नसते. मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. हा प्रोग्राम मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि पुढचे काम बूट लोडरकडे सोपवतो. कार्यप्रणाली डिस्कवर कुठे आहे हे शोधून ती मेमरीत चढवायची, एवढेच बूट लोडरचे काम.

जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये हा सगळा कारभार बसवलेला असतो. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड, थोडक्यात एमबीआर म्हणतात. ५१२ पैकी ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. १९८३ मध्ये आलेल्या पीसी डॉस २.० पासूनची ही व्यवस्था कित्येक जुन्या डेस्कटॉपवर अजून चालू आहे. नव्या संगणकांत बूट लोडर वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये फाइलच्या रूपात असतो. साधारण १०० एमबीचे हे पार्टिशन ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही, त्यामुळे ते आहे हेच अनेकांना माहीत नसते.

म्हणजे बिघाड या ५१२ बाइटमध्ये किंवा १०० एमबीत आहे. पाचशे जीबीची बाकी डिस्क जिथल्या तिथे आहे. कोठीतली मिरची शाबूत आणि दाराचे कुलूप अडकलेले, असा हा प्रकार.

हे बिघडते कशाने?

सर्वात सामान्य कारण म्हणजे अपडेट सुरू असताना वीज जाणे. विंडोज मोठे अपडेट घेताना बूटच्या फाइल्सही बदलते. नेमक्या त्या वेळी यूपीएसची बॅटरी मेलेली असली, तर अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते. दुसरे कारण म्हणजे एकाच डिस्कवर दोन कार्यप्रणाली बसवणे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत आधार संपला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० चिप अनेक जुन्या संगणकांत नाही, म्हणून काहींनी विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवले. पुढे ‘नको ते’ म्हणून लिनक्सचे पार्टिशन उडवले की त्याच्यासोबत ग्रब हा त्याचा बूट लोडरही अर्धा जातो आणि पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहून संगणक थांबतो.

तिसरे कारण व्हायरस. त्याचा इतिहास थेट भारताशी जोडलेला आहे. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा बूट सेक्टर व्हायरस सापडला. फ्लॉपीतून पसरणारा हा व्हायरस दरवर्षी ५ जानेवारीला संगणक अडवून ठेवायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. कुठल्या जोशींचा वाढदिवस, हे मात्र त्याने कधी सांगितले नाही.

नंतरचा प्रकार इतका मजेशीर नव्हता. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. संगणकात शिरल्यावर तो मास्टर बूट रेकॉर्ड पुसून तिथे स्वतःचा बूट लोडर लिहायचा आणि संगणक रीस्टार्ट करायचा. पडद्यावर डिस्क तपासणी सुरू असल्याचे खोटे चित्र दिसायचे. प्रत्यक्षात त्या वेळी डिस्कवरच्या फाइल्सची मुख्य सूची कुलूपबंद होत असायची. त्यानंतर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी. पैसे देऊनही उपयोग नव्हता, कारण कुलूप उघडण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

याचा फटका महाराष्ट्रालाही बसला. नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवते. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली, काम हाताने करण्याची वेळ आली आणि कंटेनर साचू लागले. नागपूरहून निघणारे अनेक कंटेनरही जेएनपीटीकडे जातात, हे लक्षात घेतले की युक्रेनमधल्या बूट लोडरचा विदर्भाशी काय संबंध, हा प्रश्न उरत नाही. मर्स्कला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरची एकच प्रत वाचली होती. ती घानामध्ये होती आणि वाचण्याचे कारण एवढेच, की हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

आधी काय तपासावे?

संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह काढा. संगणक त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करत असेल, तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा निरोप येतो. हसू येईल, पण अनेक ‘बिघाड’ इथेच संपतात.

नंतर सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. सेल संपला की बूटची सेटिंगही मूळपदावर जाते आणि यूईएफआयवर बसवलेले विंडोज जुन्या पद्धतीत शोधले जाते. अशा वेळी सेल बदलून सेटिंग पूर्ववत केले की काम होते.

तिथेच डिस्कचे नाव दिसते का, ते पाहा. नाव दिसत नसेल किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर हा बूट लोडरचा प्रश्न नाही, डिस्कच आजारी आहे. मग कोणतीही दुरुस्ती चालवू नका. प्रत्येक प्रयत्नाने उरलेला डेटाही धोक्यात येतो.

दुरुस्ती कशी होते?

दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा लागतो. त्या ड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसले जाते. या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की ‘इन्स्टॉल’चा पर्याय समोर येतो. तो घ्यायचा नाही. ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ हा पर्याय निवडून ‘ट्रबलशूट’ आणि पुढे ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवायचे. बऱ्याचदा एवढ्यानेच भागते.

नाही भागले, तर त्याच ठिकाणी ‘कमांड प्रॉम्प्ट’ आहे. इथे घाई करण्याआधी एक युक्ती : ‘नोटपॅड’ असे टाइप करून एंटर दाबा, फाइल मेन्यूतून ‘ओपन’ घ्या आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. त्या छोट्या खिडकीत डिस्कवरच्या फाइल्स दिसतात आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपीही करता येतात. विंडोज सुरू झालेले नसतानाही डेटा जागेवर आहे, हे डोळ्यांनी पाहायचा हा सर्वात सोपा मार्ग.

पुढचे काम नव्या यूईएफआय संगणकांसाठी. ‘डिस्कपार्ट’ सुरू करून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिले की पार्टिशनची यादी येते. त्यातले साधारण १०० एमबीचे, फॅट३२ प्रकारचे पार्टिशन ‘सिलेक्ट’ करायचे, ‘असाइन लेटर’ने त्याला ‘एस’ हे अक्षर द्यायचे आणि बाहेर पडायचे. मग ‘बीसीडीबूट’ ही कमांड, तिच्यापुढे विंडोज फोल्डरचा पत्ता आणि एस ड्राइव्हचे नाव. ही कमांड विंडोज फोल्डरमधून बूटच्या ताज्या फाइल्स काढून त्या छोट्या पार्टिशनमध्ये बसवते. दोन गोष्टी सांभाळा. या वातावरणात विंडोजचा ड्राइव्ह ‘सी’च असेल असे नाही, ‘डी’ही असू शकतो, म्हणून आधी खात्री करा. आणि डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका. तो शब्द डिस्कच्या सगळ्या वाटण्यांची नोंद एका झटक्यात पुसतो.

इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत ‘बूटरेक’च्या तीन कमांड सांगितलेल्या असतात. त्या जुन्या एमबीआर संगणकांवर चालतात. नव्या संगणकांवर त्यातली ‘फिक्सबूट’ अनेकदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून अडते आणि माणूस उगाच घाबरतो.

लिनक्स असेल तर उबुंटूसारख्या वितरणाच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ‘ट्राय’ पर्यायाने संगणक सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतो. कमांडचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ‘बूट रिपेअर’ हे मोफत साधन आहे. कधी कधी चूक वापरणाऱ्याची नसतेही. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही कार्यप्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. जुने, असुरक्षित बूट लोडर अडवण्यासाठी केलेल्या बदलात चांगलेही अडकले होते. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समधून तो नियम काढावा लागला.

दुकानात देताना काय सांगावे?

नवा लॅपटॉप असेल तर आधी बिटलॉकर. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते. बायोसमधले सेटिंग बदलले किंवा बूट दुरुस्त केले की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. पण लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःच्या किंवा भलत्याच ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर की त्या खात्यात. की नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणालाही उघडता येत नाही. म्हणून कोणत्या ईमेलने लॉगिन आहे, हे संगणक चालू असतानाच पाहून की कागदावर लिहून ठेवा.

संगणक दुरुस्तीला देताना ‘चालू करून द्या’ एवढेच न सांगता ‘आधी डेटा कॉपी करा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असे पावतीवर लिहून घ्या. भिवापूरहून उमरेड किंवा सत्तरेक किलोमीटरवरच्या नागपूरला संगणक न्यायचा असेल, तर डेस्कटॉपचे अख्खे कॅबिनेट नेण्याची सक्ती नाही. फक्त डिस्क काढून नेली तरी डेटा काढता येतो. आणि सेवा केंद्र असेल, तर मुदतीच्या दिवसांत आधीच तयार केलेला एक दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात असू द्या. संगणक बंद पडल्यावर तो बनवायला दुसरा चालू संगणक लागतो, आणि रांग लागलेल्या दुपारी नेमका तोच सापडत नाही.