घाटमाथ्याचा पाऊस, हिमालयाचें हिम व कागलचा रस्ता

निपाणीच्या आमच्या घरांतील एक पुतण्या कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत ओतकामाच्या कारखान्यांत नोकरीस आहे. (हें 'पंचतारांकित' विशेषण ऐकून आमच्या एका वृद्ध आप्तांची समजूत तो हॉटेलांत लागला अशी झाली होती!) सन 2021 च्या जुलै महिन्याच्या उत्तरार्धांत तो नेहमींप्रमाणें डबा घेऊन कामावर गेला, आणि मागाहून यमगर्णीजवळ वेदगंगेचें पाणी महामार्गावर आलें. स्वारी तिकडेच अडकली. भट्टींत लोखंड वितळत असतां पुढच्या पाळीचीं माणसें आलीं नाहींत, तर आधींच्या पाळीस हात झटकून निघतां येत नाहीं. तीन रात्री त्यानें कारखान्यांतील बांकावर काढल्या.

तिसऱ्या दिवशीं पाऊस ओसरला. थोरल्या वहिनी अंगणांत येऊन वर पाहत आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, पाऊस तर उघडला. मग रस्ता अजून कां बंद? आणि हे हवामानवाले सांगतात तरी कुठलें?" आम्ही "धरणाचें पाणी असेल" असें कांहींसें पुटपुटलों. खरें सांगावयाचें तर आमचेंहि ज्ञान त्यापलीकडे नव्हतें. पुढें सवडीनें चौकशी केली. तींत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वहिनींच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मार्मिक होता. हवामानवाले सांगतात तें कुठलें?

कोल्हापूर जिल्हा नकाशावर लहान दिसतो, परंतु पावसाच्या दृष्टीनें त्यांत दोन निराळे मुलुख नांदतात. पश्चिमेस गगनबावड्यास वर्षाकांठीं पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेस शिरोळकडे तोच आंकडा पांचशेंच्या आसपास येतो. दोहोंमधील अंतर सरळ रेषेंत शंभर किलोमीटरहि नाहीं. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीस अडतो, वर चढतो, थंड होतो, आणि आपला बहुतेक भार माथ्यावरच टाकून रिकाम्या हातानें पूर्वेकडे उतरतो. कागल व निपाणी हीं या उतरणीवरचीं गांवें. पण भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी, दूधगंगा, वेदगंगा या साऱ्या नद्या त्या भिजलेल्या पट्ट्यांतूनच निघून आमच्या दारावरून जातात. आमच्या पुलाखालचें पाणी आमच्या अंगणांत पडलेलें नसतेंच!

शिवाय तें लगेच पोंचतहि नाहीं. डोंगरावरची जमीन आधीं पोटभर पिते, मग ओढे वाहूं लागतात, धरणें भरतात, आणि भरल्यावर त्यांस पाणी सोडावेंच लागतें. कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भोगावतीवर राधानगरीचें धरण हातीं घेतलें. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी ठराविक उंचीस आली कीं आपोआप उघडतात. ऐन पावसाळ्यांत 'किती उघडले?' हा प्रश्न कोल्हापुरांत कुशल विचारण्याच्या आधीं विचारला जातो. पुढें नृसिंहवाडीस कृष्णाच दुथडी भरलेली असली, तर ती पंचगंगेचें पाणी सहजीं पोटांत घेत नाहीं, आणि तें मागें फुगत राहतें. पाऊस उघडला तरी रस्ता कां उघडत नाहीं, याचें उत्तर हें असें आहे.

डोंगरावर काय पडतें तें पाहून खालीं दिवस आखणें हें कांहीं आमच्याच नशिबीं नाहीं. काश्मीरांत गुलमर्ग येथें लोक बर्फावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, खेळ खेळतात. तेथील पाळणा दोन टप्प्यांनीं कोंगडोरीवरून अफरवात पर्वताकडे चढतो. जाणता खेळाडू हॉटेलच्या अंगणांतील बर्फ पाहून बेत करीत नाहीं. तो वरच्या टप्प्याचें विचारतो. तें बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी हवेच्या हातीं. सन 2025 च्या फेब्रुवारींत तें पुरेसें पडलें नाहीं, तेव्हां हिवाळी क्रीडास्पर्धा मार्चपर्यंत पुढें ढकलाव्या लागल्या.

या हिमाशीं आमच्या पावसाचेंहि एक जुनें नातें आहे. सन 1875 मध्यें स्थापन झालेल्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं सन 1884 मध्यें असें मांडलें, कीं हिमालयावर हिंवाळ्यांत व वसंतांत हिम फार पडलें तर पुढचा पावसाळा दुबळा जातो. पांढरें हिम उन्हाची उष्णता परतवितें, जमीन तापावी तशी तापत नाहीं, आणि समुद्रावरच्या वाऱ्यांस आंत ओढणारा जोर कमी पडतो. सन 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती, म्हणून सरकारनें ही कल्पना उचलून धरली. 4 जून 1886 रोजीं हिमाच्या आधारें सबंध मोसमाचा पहिला अंदाज प्रसिद्ध झाला. पुढें सर गिल्बर्ट वॉकर यांनीं एकट्या हिमावर न विसंबतां जगभरच्या हवेचे दाब व तपमानें जमवून हिशेब मांडला. खात्याचें मुख्य ठाणें सन 1928 मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें. तें सन 1944 मध्यें दिल्लीस हललें, तरी शिवाजीनगरांतील त्या इमारतीस 'सिमला ऑफिस' हेंच नांव राहिलें आहे.

परंतु मोसमाचा अंदाज शेतकऱ्यास व सरकारास उपयोगी; आमच्या पुतण्यास उद्यां यमगर्णीचा पूल ओलांडतां येईल कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं रोजचें पत्रक पाहावें. त्यांत अलीकडे कोल्हापूर जिल्हा व कोल्हापूरचा घाटमाथा यांचे अंदाज वेगळे देतात. आमच्यासारख्यांनीं घाटमाथ्याची ओळ आधीं वाचावी. तेथें तांबडी खूण असेल, तर चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरहूनहि अधिक पावसाचा संभव खात्यानें धरला आहे असें समजावें. शिरोळकडे निम्म्या वर्षांत पडावा इतका तो नाहीं, पण फारसा कमीहि नाहीं. दुसरा आंकडा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा. तेथें 39 फूट ही इशाऱ्याची पातळी व 43 फूट ही धोक्याची. सन 2019 व 2021 मध्यें पाणी 55 फुटांच्याहि वर गेलें होतें. बंधारा पंचगंगेवरचा व आमचा पूल वेदगंगेवरचा हें खरें, पण दोघींचीं माहेरें एकाच डोंगरांत असल्यामुळें एकीच्या प्रकृतीवरून दुसरीची अटकळ बांधतां येते.

थोरल्या वहिनी आतां पावसाळ्यांत सकाळीं अंगणांत जाऊन आकाश पाहत नाहींत. नातीकडून भ्रमणध्वनीवर घाटमाथ्याची ओळ वाचून घेतात. तांबडी खूण असली, कीं पुतण्याच्या पिशवींत एक जादा सदरा, टॉवेल, चिवड्याचा डबा आणि त्याचें पित्ताचें औषध जातें. एकदां अशी भरलेली पिशवी संध्याकाळीं तशीच परत आली. रस्ता बंद झालाच नव्हता, आणि चिवडा मात्र पाळीवरच्या मंडळींनीं संपविला होता. वहिनी पुतण्यास एवढेंच म्हणाल्या, "डबा घांसून ठेव. उद्यांचीहि खूण तांबडीच आहे."