सायकलस्वाराने रस्त्याच्या कोणत्या भागातून जावे?

आमच्या शाळेच्या मागील बाजूस पत्र्याचे एक छप्पर आहे. विद्यार्थ्यांच्या सायकली त्याखाली लावलेल्या असतात. पूर्वी तेथे जागा मिळावी म्हणून मुले घंटेपूर्वी पाव तास येत, असे आमचे ज्येष्ठ सहकारी सांगतात. आज तेथील अर्ध्याहून अधिक जागा मोकळीच असते. गेल्या पावसाळ्यात त्या मोकळ्या जागांत आणखी एकीची भर पडली. नववीतील एक मुलगा शाळेस येत असता चौकात डावीकडे वळणाऱ्या एका मालमोटारीच्या बाजूस सापडला. सायकलीचे मागील चाक चेपले गेले. मुलगा पदपथाच्या दिशेने फेकला गेला म्हणून खांद्याचे हाड मोडण्यावर निभावले. पुढे त्याचे वडील रजेचा अर्ज घेऊन आले असता म्हणाले, “सर, त्याची काही चूक नव्हती हो. तो अगदी कडेनंच चालला होता.”

हे वाक्य आमच्या मनातून पुष्कळ दिवस गेले नाही. कारण ‘कडेने जा’ हा उपदेश आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. आम्ही बेळगावात शिकावयास आलो तेव्हा सायकल बाहेर काढताना आमची आई दारातून कोकणीत म्हणे, “सवकास वच, देगेन वच” म्हणजे सावकाश जा, कडेने जा. यांतील पहिली सूचना आम्ही आजही शिरोधार्य मानतो. दुसरीविषयी मात्र थोडा विचार करावयास हवा, आणि तोच विचार विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

सायकलस्वाराच्या मनात मोठी भीती असते ती पाठीमागून येणाऱ्या वाहनाची. ते दिसत नाही, केवळ ऐकू येते, म्हणून ते अधिक भयंकर वाटते. शहराबाहेरील महामार्गावर, विशेषतः काळोखात, ही भीती अगदी रास्त आहे. परंतु शहरातील रस्त्यांवर वाहनांचा वेग बेताचा असतो आणि पाठीमागून येणाऱ्या चालकाची दृष्टी समोरच असते. सायकल त्याच्या नजरेच्या टप्प्यात असली, तर तो बहुधा तिला टाळूनच जातो. खरा घात होतो तो जेथे दोघांचे मार्ग एकमेकांस छेदतात तेथे : चौकात, गल्लीच्या तोंडाशी, उभ्या असलेल्या मोटारीच्या दाराशी. आणि कडेला अगदी चिकटून जाणारा सायकलस्वार या तिन्ही ठिकाणी नेमका तेथे असतो, जेथे कोणी पाहत नाही.

प्रथम त्या मालमोटारीचेच उदाहरण घेऊ. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात व चालक उजव्या बाजूस बसतो. त्याची बैठक उंच असते. डावीकडील दारापलीकडे, खाली, जमिनीलगत जो पट्टा असतो तो त्याला बसल्या जागेवरून दिसत नाही. आरशातही त्याचा काहीच भाग येतो. सायकलस्वार चौकात वाहने थांबलेली पाहून डावीकडील फटीतून पुढे सरकतो आणि मालमोटारीच्या मधोमध येऊन उभा राहतो. आपण एवढ्या मोठ्या वाहनाला पाहतो आहोत, म्हणजे त्यानेही आपल्याला पाहिले असेल, असे त्याला वाटते. हे वाटणे किती स्वाभाविक, आणि किती चुकीचे!

यात आणखी एक गोष्ट अशी, की लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागील चाके पुढील चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती वळणाच्या आतील बाजूने, अधिक जवळच्या वाटेने जातात. वाहन जितके लांब तितका हा फरक मोठा. म्हणून मालमोटारीचे तोंड आपल्यापासून चांगले दूर असते, आपण निश्चिंत असतो, आणि तिचे मागील चाक मात्र हळूहळू पदपथाकडे सरकत येते. ज्यांना हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी पावसानंतर ओल्या मातीत वळलेल्या एखाद्या मोटारीच्या चाकांचे ठसे पाहावेत. दोन निरनिराळ्या वक्ररेषा स्पष्ट दिसतील. चौकात मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूस कधीही शिरू नये. त्याच्या मागे उभे राहावे, अथवा आधीच पोहोचलो असलो तर त्याच्या बरेच पुढे, चालकास आपले डोके दिसेल असे. आमच्या विद्यार्थ्यास हे ठाऊक नव्हते; आम्हीही त्याला कधी सांगितले नव्हते.

मोटारीच्या दाराचा अनुभव आमचा स्वतःचा आहे. महाविद्यालयात असताना बाजारातील एका रस्त्याने, उभ्या मोटारींना जवळजवळ घासून, आम्ही मोठ्या शिस्तीने चाललो होतो. एका मोटारीचे दार अकस्मात उघडले आणि आम्ही त्यावर आपटून रस्त्याच्या मध्ये पडलो. पाठीमागून त्या क्षणी काही येत नव्हते, एवढेच आमचे भाग्य. उतरणारे सद्‌गृहस्थ आम्हांलाच म्हणाले, “जरा बघून चालवावं!” त्या वेळी राग आला, पण हिशेब केला तेव्हा उमगले, की बघूनही उपयोग झाला नसता. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक अंतर तोडते. दार उघडलेले दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच सेकंदभर निघून जातो. उघडलेल्या दाराने सुमारे एक मीटर जागा अडते. म्हणून उभ्या मोटारींपासून तितके अंतर राखून, सरळ रेषेत जाणे हाच उपाय. दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरावयाचे व पुन्हा बाहेर यावयाचे, हे तर त्याहूनही वाईट; कारण मागील चालकाच्या दृष्टीने आपण एकदा नाहीसे होतो आणि मग एकाएकी प्रकट होतो.

म्हणजे रस्त्याच्या मधून जावे काय? तसे नव्हे. डावी बाजू सोडावयाची नाही. परंतु गटाराची झाकणे, वाळू, काचा यांतून रखडतही जावयाचे नाही. कडेपासून हातभर आत, एकाच रेषेत, न डगमगता चालावे. मागून येणाऱ्यास आपण दिसतो आणि आपण पुढे काय करणार हेही त्याला कळते. पुढे अडथळा असेल, तर तो येण्यापूर्वीच मागे वळून पाहावे व हाताने खूण करावी. एक हात सोडून, मान वळवून, सायकल सरळ ठेवता येणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ती शाळेच्या मैदानावर शिकावी, काँग्रेस रोडवर नव्हे.

आता एका सार्वत्रिक खोडीकडे वळू. पुढे जाऊन वळसा घेण्याचा कंटाळा म्हणून पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, रस्त्याच्या उलट बाजूने सायकल हाकतात. ‘समोरून येणारं वाहन आपल्याला दिसतं तरी,’ असे त्यांचे समर्थन असते. यातील गणित सातवीच्या मुलासही मांडता येईल. मोटार ताशी चाळीस किलोमीटर वेगाने आणि सायकल पंधरा किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजू. दोघे एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलीस ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने गाठते. समोरासमोर असतील तर पंचावन्न किलोमीटर वेगाने. मध्ये पन्नास मीटर अंतर असेल, तर पहिल्या प्रसंगी चालकास सुमारे सात सेकंद मिळतात, दुसऱ्या प्रसंगी जेमतेम सव्वातीन. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडून येतात. डावीकडून कोणी सायकलवर येईल हे त्याच्या स्वप्नातही नसते. गणपत गल्ली किंवा खडे बाजारासारख्या भागात, जेथे पाच पावलांवर एक गल्ली फुटते, तेथे हा धोका किती वेळा संभवतो याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

उजवीकडे वळणे हे सायकलस्वाराचे सर्वांत अवघड काम होय. राणी चन्नम्मा चौकासारख्या ठिकाणी डाव्या कडेवरून निघून सर्व वाहनांस छेद देत उजवीकडे जाणे धाडसाचे खरे, पण शहाणपणाचे नव्हे. त्याऐवजी प्रथम चौक सरळ ओलांडावा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबावे, सायकलीचे तोंड उजव्या दिशेस करावे व त्या बाजूची वाहने सुटली की त्यांच्याबरोबर निघावे. यास अर्धा मिनिट अधिक लागेल. आणि गर्दी फारच असेल तर खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा तो कसला?

आमच्या गावाच्या दोन गोष्टींचा उल्लेख करावयासच हवा. एक रेल्वेचे गेट. रूळ तिरपे ओलांडू गेल्यास सायकलीचे चाक रुळालगतच्या खाचेत उतरते व स्वार क्षणात आडवा होतो. रूळ काटकोनातच ओलांडावेत, आणि ओल्या रुळावर ब्रेक मुळीच दाबू नये. दुसरी गोष्ट पाऊस. साध्या सायकलीचे ब्रेक चाकाच्या धावेवर दाबतात. धाव ओली असली की पहिले एकदोन फेरे केवळ पाणी पुसण्यात जातात, मग पकड येते. म्हणून पावसात वेग कमी ठेवून आधीपासूनच ब्रेक हलके दाबीत जावे. केवळ पुढचा ब्रेक आवळू नये, केवळ मागच्यावरही विसंबू नये. दोन्ही एकदम आणि बेताने. रेनकोटाच्या टोपीने बाजूचे दिसत नाही, तेव्हा वळताना सबंध मान वळवावी. दप्तर हँडलला अडकवू नये. मुलींनी ओढणी खोचून घ्यावी. एका हाती छत्री धरून सायकल हाकणाऱ्यांविषयी आम्ही काही लिहीत नाही.

जुन्या काळी रात्री दिव्यावाचून सायकल हाकली, तर पोलीस चाकातील हवा सोडून देत, असे वडीलधारी मंडळी हसत हसत सांगतात. ती शिक्षा गेली आणि दिवेही गेले. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुले गडद कपड्यांत, दिव्याविना चाललेली आम्ही पाहतो. नेमका तोच उसाचा हंगाम. उसाने लादलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रेलर जोडून, बाहेर आलेल्या उसांनिशी रस्ता अडवीत जात असतात आणि पुष्कळदा त्यांनाही मागे दिवा नसतो. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा, आणि प्रकाश परतवणारी तांबडी चकती, एवढे तरी प्रत्येक सायकलीस असावे. पायट्यांवरील पिवळ्या चकत्या फार उपयोगी. त्या वरखाली हलतात, त्यामुळे हे माणूस आहे हे दुरूनच कळते. शिरस्त्राण अवश्य घालावे. पडल्यावर डोके वाचवणे हे त्याचे काम. मालमोटारीपासून ते वाचवणार नाही, एवढे ध्यानी असावे.

हे सर्व वाचून एखादा पालक म्हणेल, की मग सायकल नकोच. त्या मुलाच्या वडिलांनी हेच केले. त्यांनी सायकल विकून टाकली, आणि मुलगा बरा झाल्यावर काकांच्या स्कूटरवर, आणखी एका भावंडासह, तिघेजण दाटीवाटीने शाळेस येऊ लागले. येथे आम्हांस काही आकडे सांगणे प्राप्त आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत सायकलस्वार शंभरांत सुमारे तीन होते. स्कूटर-मोटारसायकलींवरील माणसे शंभरांत चव्वेचाळीस. रस्त्यावर स्कूटरी पुष्कळ व सायकली थोड्या, तेव्हा एवढ्यावरून सायकल अधिक सुरक्षित असे सिद्ध होत नाही. पण स्कूटर म्हणजे सुरक्षितता, ही समजूत तरी खोटी ठरते. तिसरा मार्ग म्हणजे मुलाच्याच हाती स्कूटर देणे. त्याविषयी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

सर्व भार मुलांच्याच सावधपणावर टाकणे मात्र न्यायाचे नव्हे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाच्या मोटारीचा आघात तीस किलोमीटरच्या मानाने पावणेतीन पट असतो. शाळांजवळ वेग आवरणे हे शासनाचे काम आहे. हॉलंड हा सायकलींचा देश म्हणून आपण वाचतो, परंतु १९७१ साली तेथेही रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे सायकलींसाठी निराळे मार्ग झाले. आपल्या कर्नाटक सरकारने २००६-०७ साली आठवीच्या विद्यार्थ्यांस मोफत सायकली देण्याची योजना काढली, ती पुष्कळ वर्षे चालली आणि खेड्यांतील मुलींना तिचा मोठा आधार झाला. सायकलीबरोबर चालवावयाची जागाही दिली असती, तर फार बरे झाले असते.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही यातील बहुतेक गोष्टी एका रविवारी सांगितल्या. ते फारसे बोलले नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, एक जुनी सायकल मागून आणून त्यांनी मुलासह घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता तपासला. स्वतः ते पायी चालत होते. मोठा चौक टाळून गल्ल्यांतून जाणारी एक वाट त्यांना सापडली. तिने अर्धा किलोमीटर अधिक पडतो, म्हणजे दोन मिनिटे. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ती जुनी सायकल, मागे तांबडी चकती लावलेली, छपराखाली उभी होती.