निंटेंडोच्या अंताची भाकिते

क्योटो नगरीत १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा नावाचे, फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्याचा जो उद्योग आरंभिला, त्यातूनच वाढलेली निंटेंडो कंपनी आता बुडणार, असे भाकीत व्हिडिओ गेमच्या धंद्यातील जाणकार वारंवार वर्तवीत आले आहेत. आणि २००१ साली सेगासारख्या मातब्बर प्रतिस्पर्ध्याने कन्सोल, म्हणजे खेळ चालविणारे यंत्र, बनविण्याचे सोडून दिल्यापासून निंटेंडोनेही तोच मार्ग पत्करावा, असा सल्ला तिला कैकदा मिळाला.

ही भाकिते निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. निंटेंडोचा गेमक्यूब हा कन्सोल सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे निष्प्रभ ठरला. पुढे तिच्या वी या कन्सोलने १० कोटींच्या खपाचा टप्पा ओलांडला खरा, पण २०१२ साली आलेला वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर अडला. मात्र एक यंत्र पडले म्हणजे संस्था पडली, हा अदमास ज्या मापाने बांधला जातो ते मापच मला सदोष वाटते. यंत्राची गणनशक्ती किती, चित्रे किती रेखीव, एवढेच त्यात मोजले जाते. उलट निंटेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांचा सिद्धांत असा, की जुने, स्वस्त आणि पारखलेले तंत्र घेऊन त्याचा अभिनव उपयोग शोधावा. १९८९ च्या त्यांच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राला रंगीत पडदाही नव्हता, तर सेगाच्या गेम गिअरला तो होता. परंतु त्या रंगांपायी गेम गिअरच्या बॅटऱ्या काही तासांतच संपत, आणि खिशातला खेळ चालू राहावा एवढीच ज्याची अपेक्षा, त्या ग्राहकाने गेम बॉयच पसंत केला. शिवाय मारिओ आणि झेल्डा यांचे प्रमुख खेळ हवे असतील तर यंत्रही निंटेंडोचेच घ्यावे लागते, आणि भरल्या वर्षांतली शिल्लक संकटासाठी गाठीशी ठेवण्याची या घराण्याची रीतही जुनीच.

२०११ साली ३डीएस हे खिशातले यंत्र खपेना, तेव्हा त्याची किंमत उतरवून अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले; आणि नोकरकपातीचा प्रश्न २०१३ मध्ये भागधारकांनी काढला असता, नोकरी जाण्याच्या धास्तीत वावरणाऱ्या माणसांच्या हातून लोकांचे मन हेलावणारे खेळ घडणार नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर मला कोणत्याही ताळेबंदाहून मोलाचे वाटते. २०१५ साली इवाता निवर्तले. जानेवारी २०१७ मध्ये स्विच हा निंटेंडोचा नवा कन्सोल जाहीरपणे दाखविला गेला, त्या दिवशी कंपनीच्या समभागाचा भाव घसरला. पुढे त्याच स्विचचा खप १५ कोटींच्या पलीकडे गेला.