कुंडीतले लिंबू आणि पहाटेचा पारा

कुंडीतल्या फळझाडाला थंडी जमिनीतल्या झाडापेक्षा लवकर बाधते आणि ती आधी मुळांना भिडते. जमिनीतल्या लिंबाच्या मुळांभोवती मातीचा मोठा साठा असतो. दिवसा घेतलेली ऊब ही माती रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे हवा गोठणबिंदूखाली गेली तरी वीतभर खालची माती सहसा उबदारच राहते. कुंडीतली माती मात्र थोडी आणि चारही बाजूंनी उघडी. एखादी कडाक्याची रात्र तिला जवळजवळ हवेइतकी गार करून टाकते. त्यातच बहुतेक झाडांची मुळे फांद्यांपेक्षा थंडीला नाजूक असतात. म्हणून अंगणातले झाड तगते आणि त्याच जातीचे गच्चीवरचे झाड दगावते, असे अनेकदा घडते. कुंडीची एक बाजू मात्र भक्कम आहे: ती उचलून हलवता येते. या सोयीचा उपयोग होतो तो कधी हलवायची हे आधी कळले तरच.

हवामानाचा अंदाज उपलब्ध नव्हता तेव्हा हा निर्णय पंचांगावर सोपवलेला असे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यालगत 1684 ते 1686 या काळात ज्यूल आर्दुआँ-माँसार या वास्तुकाराने संत्र्यांसाठी एक प्रचंड दालन बांधले. त्याची मधली ओवरी 155 मीटर लांब आहे आणि भिंती चार-पाच मीटर जाडीच्या आहेत. लाकडी पेट्यांत लावलेली हजारावर झाडे तिथे ऑक्टोबरात आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. ही रीत आजही चालू आहे. फ्लॉरेन्सच्या बोबोली बागेतल्या मातीच्या कुंड्यांमधली लिंबेही हिवाळ्यापुरती अशीच एका लांबलचक दालनात मुक्कामाला असतात. तारखेवर चालणारी ही पद्धत सुरक्षित आहे, पण तिला राजवाड्याएवढी जागा लागते. झाडाचे सहा-सात महिने कमी उजेडात जातात, तेही निराळेच.

रात्रीपुरता अंदाज देऊन फळझाडे वाचवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते कॅलिफोर्नियात. अमेरिकेच्या हवामान खात्यातले फ्लॉइड यंग लॉस एंजेलिसच्या केएफआय या रेडिओ केंद्रावरून हिवाळ्यातल्या रात्री संत्र्या-लिंबांच्या पट्ट्यातल्या एकेका गावाचे पहाटेचे अपेक्षित तापमान सांगत. ते ऐकून बागाईतदार बागेतल्या तेलाच्या शेगड्या पेटवायच्या की नाहीत ते ठरवत. प्रत्येक गावाला वेगळा आकडा देण्याची गरज त्या सेवेने ओळखली होती. कुंडी सांभाळणाऱ्यालाही हीच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

अंदाजात सांगितलेले किमान तापमान कुंडीजवळचे नसते. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. अंदाज त्या उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र, शांत रात्री जमीन, गवत आणि झाडाची पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे उत्सर्जित करतात आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतात. त्यांना चिकटलेली हवाही गार होऊन तळाशी साचते. गवताच्या पातळीवरचे तापमान अशा वेळी पेटीतल्या तापमानापेक्षा दोन ते पाच अंशांनी कमी भरू शकते. म्हणूनच अंदाज तीन-चार अंश सेल्सियसचा असला तरी पहाटे पानांवर बर्फाची पांढरी साय दिसू शकते.

महाबळेश्वरात हे दृश्य हिवाळ्यात अनेकदा पाहायला मिळते. गावातल्या वेधशाळेत पारा शून्याच्या बराच वर असतो, आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठते. स्ट्रॉबेरीची पाने, गाड्यांचे टप, बोटींच्या धक्क्याच्या फळ्या हिमकणांनी पांढऱ्या होतात. गार हवा जड असते. ती उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते, आणि वेण्णेचे खोरे तिला साठायला आयते मिळते. पुण्यात थंडी गोठणबिंदूपर्यंत जात नाही, पण पाषाण, एनडीए किंवा हवेलीचा आकडा आणि कोरेगाव पार्क किंवा मगरपट्ट्याचा आकडा यांत एकाच पहाटे पाच-सहा अंशांचे अंतर पडते. शहराच्या नावाने मोबाइलवर दिसणारा एकच आकडा यातल्या नेमक्या कोणत्या गच्चीचा, हे त्या पडद्यावर लिहिलेले नसते.

त्यामुळे अंदाज वाचताना किमान तापमानाच्या शेजारच्या तीन नोंदी तितक्याच बारकाईने वाचाव्यात: ढग, वारा आणि दवबिंदू. ढग जमिनीकडून जाणारी उष्णता अडवून काही अंशी परत पाठवतात, म्हणून ढगाळ रात्र क्वचितच घातक ठरते. मंद पण सतत वाहणारा वारा तळाची गार हवा वरच्या उबदार हवेत मिसळवतो. संध्याकाळी वारा पडला आणि आकाश लख्ख झाले की काळजी सुरू होते. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाण्यात रूपांतरित होऊ लागते तो आकडा. फळझाडांच्या दृष्टीने हाच आकडा सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. हवा दवबिंदूपर्यंत गार झाली की दव पडू लागते. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि पारा उतरण्याचा वेग मंदावतो. दवबिंदू आठ-दहा अंश असेल तर रात्र गोठणबिंदूपर्यंत पोचण्याची शक्यता कमी. तो शून्याखाली असेल तर हवा कोरडी आहे आणि घसरण रोखणारे काहीच नाही. अशा रात्री हिमकण न दिसताही पाने काळवंडतात, कारण पांढरा थर जमण्याइतकी वाफच हवेत नसते.

महाराष्ट्रात अशा रात्रींची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागू शकते. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात सरकत असताना इकडेही कधी आभाळ येते आणि रात्रीची थंडी कमी होते. तो पुढे गेला की हिमालयात बर्फ पडलेले असते, आकाश मोकळे होते आणि वायव्येकडून कोरडे गार वारे उतरतात. धुळे, जळगाव, निफाड, नागपूर या पट्ट्यात पारा कोसळतो तो बहुधा याच टप्प्यावर. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांची नोंद झाली. ऊब वाटणारे ढगाळ दिवस हे थंडी सरल्याचे लक्षण समजून झाकणे काढून ठेवणे त्यामुळे घाईचे ठरते.

भारतीय हवामानशास्त्र विभाग मैदानी भागात ‘थंडीची लाट’ जाहीर करतो ती किमान तापमान 10 अंश किंवा त्याहून कमी असताना आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली गेल्यावर, किंवा सरळ 4 अंशांवर किंवा त्याखाली उतरल्यावर. हा निकष माणसे आणि मोठा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, त्यामुळे कुंडीतल्या पपईसाठी इशाऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. अमेरिकेत, जिथे अनेक मराठी घरांत कढीपत्त्याशेजारी लिंबाचीही कुंडी असते, तिथली हवामान सेवा निरभ्र, शांत रात्री हवेचे तापमान साधारण अर्धा ते दोन अंशांवर येणार असेल तर दव गोठण्याची सूचना देते. शून्याच्या वरच्या आकड्याला हा इशारा मिळतो, तो पेटी आणि पान यांच्यातला फरक धरूनच. पारा शून्यावर किंवा त्याखाली जाणार असेल तर त्यापेक्षा कडक इशारा निघतो.

थंडीचा दुसरा प्रकार याहून निर्दय असतो. त्यात गार हवा तळाशी साचत नाही. ध्रुवाकडून आलेली थंड हवा वाऱ्यासकट सगळा प्रदेश व्यापते. फेब्रुवारी 2021मध्ये टेक्सासवर अशीच लाट आली आणि डॅलसमध्ये पारा उणे 19 अंशांपर्यंत गेला. दक्षिणेकडच्या रिओ ग्रांडे खोऱ्यातल्या संत्र्या-मोसंब्यांच्या बागांचीही तेव्हा मोठी हानी झाली. अशा वेळी झाडावर टाकलेली चादर जवळजवळ निरुपयोगी असते. जमिनीतून मिळणारी थोडीशी ऊब वारा उडवून नेतो. अंदाजात उणे तापमान आणि जोराचा वारा एकत्र दिसले की कुंडी घरात, गॅरेजात किंवा बंद पडवीत नेणे हाच उपाय उरतो.

कोणते झाड कुठपर्यंत टिकते हेही माहीत हवे. केळीची वाढ तर गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, बारा-तेरा अंशांच्या आसपासच अडखळते. पपई शून्याखाली एखाद-दुसऱ्या अंशात होरपळते, आंब्याचे कोवळे रोपही तसेच. लिंबूवर्गात कागदी लिंबू सर्वांत नाजूक. संत्रे त्याहून काटक, आणि मेयर लिंबू उणे चार-पाच अंशांचा थोडा वेळ सोसू शकते. पाने गाळून विश्रांती घेणारी अंजीर आणि डाळिंब ही झाडे उणे नऊ-दहापर्यंत तग धरतात, पण तीच पालवीवर किंवा फुलोऱ्यात असली तर उणे दोनही त्यांना जड जाते. हे आकडे जमिनीतल्या झाडांचे आहेत. कुंडीसाठी त्यांत दोन-तीन अंशांची सूट ठेवावी. उबदार आठवड्यानंतर अचानक आलेला कडाका सर्वांत वाईट, कारण झाडाला थंडीची सवय झालेली नसते.

आता प्रश्न उरतो तो अंदाजाचा आकडा आणि कुंडीजवळचा आकडा यांची सांगड घालण्याचा. त्यासाठी रात्रीचे किमान तापमान नोंदवून ठेवणारा साधा तापमापक पुरतो. तो कुंडीशेजारी, पानांच्या उंचीवर लावावा आणि डिसेंबरातल्या काही निरभ्र रात्रींचे आकडे जवळच्या वेधशाळेच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावेत. गच्ची वेधशाळेपेक्षा तीन अंशांनी गार पडते की भिंतीलगतचा कोपरा दोन अंशांनी उबदार राहतो, हे थोड्याच नोंदींत स्पष्ट होते. ढगाळ रात्रींची नोंद वेगळी ठेवावी, कारण त्या रात्री फरक जवळजवळ नाहीसा होतो. आठवड्याच्या अंदाजावरून फक्त सावध व्हावे, तीन दिवसांच्या अंदाजावरून सामान जमवावे आणि कृती त्या दिवशी दुपारच्या अंदाजावर करावी. ताज्या अंदाजातही एक-दोन अंशांची चूक नेहमीची असते, म्हणून उंबरठ्याजवळचा आकडा धोक्याचाच मानावा.

कडाक्याच्या दिवशी सकाळीच कुंडीला पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते. मात्र तळाशी पाणी तुंबू देऊ नये. भाजलेल्या मातीच्या कुंडीत शिरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि कुंडी तडकते. दुपारी कुंड्या दक्षिणेला तोंड असलेल्या विटांच्या भिंतीशी, छज्ज्याखाली एकमेकींना खेटून ठेवाव्यात. भिंत दिवसभराची ऊब रात्री परत देते आणि छज्जा आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतो. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळावे. सूर्यास्तापूर्वी झाडावर जुनी चादर टाकून ती जमिनीपर्यंत सोडावी. शेंड्याभोवती गुंडाळून खोडाशी आवळली तर खालून येणारी ऊब बाहेरच राहते आणि झाकण असून नसल्यासारखे होते. प्लास्टिकचा कागद पानांना टेकू देऊ नये, टेकलेली पाने गोठतात. झाकणाखाली जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब थोडी ऊब देतो. एलईडी दिव्याकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. मोठ्या बागांत रात्रभर पाणी फवारतात, कारण पाणी गोठताना उष्णता सोडते. पण फवारा मधेच थांबला तर बाष्पीभवनाने उलट जास्त गारवा येतो, म्हणून कुंडीसाठी तो मार्ग नको.

पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. मध्यरात्री सगळे ठीक दिसल्यावर झाकण काढू नये. ऊन चढल्यावर मात्र ते नक्की काढावे, नाहीतर आत झाड उकडते. हीटर चालू असलेल्या खोलीत लिंबू आठवडेच्या आठवडे ठेवू नये. त्याची मुळे तेरा अंशांखाली जवळजवळ काम थांबवतात. गार मुळे आणि खिडकीतले तापलेले ऊन अशी जोडी जमली की पाने झडतात. थंड पण न गोठणारी, उजेडाची जागा त्याला अधिक मानवते.

थंडीने होरपळलेल्या फांद्या लगेच छाटण्याचा मोह होतो, पण कोणती फांदी मेली आणि कोणती नुसती पाने गमावून बसली हे तेव्हा दिसत नाही. ताज्या छाटणीने फुटलेली कोवळी पालवी पुढच्या कडाक्यात पहिला बळी पडते. नत्राचे खतही त्याच कारणाने थांबवावे. वसंतात नवे धुमारे फुटले की जिवंत आणि मेलेल्या फांद्यांतली सीमा आपोआप उमटते, आणि कात्री तिथेच चालवावी.