रायझरमध्ये तुटलेला स्क्रू

स्पर्धेचे रिकर्व्ह किंवा कंपाउंड धनुष्य रायझर नावाच्या मधल्या दांड्यावर उभे असते. चांगले रायझर बहुधा ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या ठोकळ्यातून सीएनसी यंत्रावर कोरून काढतात. त्यात आट्यांची बरीच भोके असतात: साइट बसवायला दोन, बाण टेकवण्याच्या जागी प्लंजरचे एक, क्लिकरचे बारीक, स्टॅबिलायझरची पुढे-मागे दोन-तीन आणि दोन्ही टोकांना लिम्बचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे, बोल्ट. भोके मऊ धातूत आणि त्यात फिरणारे स्क्रू पोलादाचे, ही रचनाच बिघाडाला जागा देते. स्क्रू तुटला तर नवा मिळतो. भोक बिघडले तर सगळा रायझर अडून बसतो.

स्टॅबिलायझरच्या लांब दांड्याचा स्क्रू सर्वात जास्त तुटतो. धनुष्य स्टँडवरून पडले की दांड्याचा सगळा झटका बुडाशी, आट्यांच्या पहिल्या खाचेत येतो. साइटचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्याने जातात. बारीक ॲलन की हातात असताना किती जोर लागतो आहे याचा अंदाज येत नाही. प्रत्येक बाणाबरोबर बसणारा कंप जुन्या स्क्रूला हळूहळू थकवतो. पावसाळी मैदानावर वापरलेल्या आणि न पुसता पेटीत ठेवलेल्या धनुष्यात पोलादाला लागून असलेले ॲल्युमिनियम ओलाव्याच्या साथीने खाल्ले जाते. पांढरी भुकटी साचते आणि स्क्रू जागीच रुततो.

स्क्रू तुटला कसा, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आवळताना किंवा धक्क्याने तुटला असेल तर डोके गेल्याबरोबर त्याच्यावरचा ताणही गेलेला असतो आणि आत राहिलेला तुकडा बहुधा सैल असतो. काढताना तुटला असेल तर तो गंजाने किंवा चिकटद्रव्याने धरलेला आहे, असे समजावे. पहिल्या प्रकारात अणकुचीदार टोच्याने कडेला हलके टोचत डावीकडे ढकलले तरी तुकडा फिरून वर येतो. भोकाबाहेर थोडा भाग उरला असेल तर बारीक पकड पुरते, नाहीतर कानशीने किंवा करवतीच्या पात्याने खाच पाडून पेचकस लावता येतो. यातले काहीही करण्याआधी धनुष्याची प्रत्यंचा उतरवलेली हवी. कंपाउंडमध्ये ते काम बो-प्रेसवरच होते.

रुतलेल्या तुकड्यासाठी आधी भेदक तेल, रात्रभर. मग उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून भोक सैलावते. निळे थ्रेडलॉकर साध्या हत्यारांनी सुटते; लाल मात्र २५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेल्याशिवाय दाद देत नाही. आणि टी६ हे काठिण्य सुमारे १७५ अंशांवर कित्येक तास ठेवून आणलेले असते, त्याहून बरेच तापवले की ते उतरते. म्हणून रायझरवर गॅसची ज्योत धरू नये. सोल्डरिंग आयर्नचे टोक थेट तुकड्यावर टेकवले तर उष्णता हवी तिथेच राहते. कार्बनच्या रायझरला एवढेही सोसत नाही, त्यातले रेझिन त्याआधीच नरम पडते.

यानंतर ड्रिल. तुकड्याचे तुटलेले तोंड सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारायचा आणि रायझर ड्रिल प्रेसखाली पक्का बांधायचा. हातातल्या ड्रिल मशीनवर हे काम करणे म्हणजे भोकाची वाट लावणे. पोलादावरून घसरलेले ड्रिल शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते आणि भोक तिरके होते. ड्रिल डाव्या फिरकीचे घ्यावे. ते उलटे फिरत कापते आणि पुष्कळदा कापता कापताच पकडून तुकडा बाहेर घेऊन येते. वर्कशॉपमध्ये ज्याला ईझी आउट म्हणतात त्या एक्स्ट्रॅक्टरची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. निमुळता असल्यामुळे तो तुकडा आतून फुगवून आणखी घट्ट करतो, आणि साइटच्या स्क्रूएवढ्या बारीक मापात तो स्वतःच मोडतो. मोडलेला एक्स्ट्रॅक्टर इतका कठीण असतो की त्यावर साधे ड्रिल चालत नाही. मग स्पार्क इरोजनच्या यंत्राशिवाय इलाज नसतो. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममध्ये ते मिळते.

तुरटीचाही एक मार्ग आहे. घड्याळजी पितळी तबकडीत मोडलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या पाण्यात विरघळवतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीतही तेच साधते, कारण गरम द्रावण पोलाद खाते आणि ॲल्युमिनियमला फारसे लागत नाही. भोकाभोवती मेणाचे आळे करून द्रावण पुन्हा पुन्हा बदलत राहावे लागते. काम संथ असते आणि रायझरच्या रंगीत थराला डाग पडण्याचा धोका राहतो. शिवाय स्टेनलेस स्क्रूवर तुरटी चालत नाही. काळ्या रंगाच्या साध्या पोलादी ॲलन स्क्रूपुरताच हा उपाय आहे.

तुकडा निघाल्यावर आटे तपासायचे. इथे महाराष्ट्रातल्या फिटरला एक गोष्ट ठाऊक हवी: धनुष्याची मापे इंची आहेत. स्टॅबिलायझर आणि प्लंजरचे आटे ५/१६-२४, साइटचे १०-२४. बर्लिनच्या २०२३च्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके ओजस देवतळे आणि अदिती स्वामी या साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेल्या खेळाडूंनी मिळवली. असा खेळ इथे रुजला, तरी जवळच्या दुकानात पटकन हाती येतो तो मेट्रिक टॅपच. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठाच्या इतके जवळ की एम-८ चा स्क्रू एखाददुसरा फेरा आत जातोही. पुढे जोर लावला की आटे कापले जातात. किंचित दुखावलेल्या आट्यांवरून योग्य मापाचा टॅप हाताने, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे असा फिरवला की भागते.

आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल बसवतात. भोक थोडे मोठे करून त्याच्या खास टॅपने नवे आटे पाडतात आणि त्यात स्टेनलेस तारेचे वेटोळे फिरवतात. आतले माप मूळचेच राहते. ॲल्युमिनियममधली पकड आता मोठ्या व्यासावर असल्याने हे भोक मूळच्यापेक्षा मजबूत ठरते. पुष्कळ रायझरमध्ये स्टॅबिलायझरसाठी वेगळा स्टील बुश असतो. तिथे तुकड्याशी झटापट न करता बुशच बदलणे शहाणपणाचे. इपॉक्सीने भोक भरून त्यात आटे पाडण्याची युक्ती क्लिकरसारख्या हलक्या स्क्रूलाच ठीक, स्टॅबिलायझरच्या कंपापुढे ती टिकत नाही. प्लंजरच्या भोकात मात्र मजबुतीपेक्षा दिशा महत्त्वाची. ते जरा कलले तरी प्लंजर बाणाला सरळ भिडत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर धनुष्य नव्याने ट्यून करावे लागते.

आटे दुरुस्त करण्याचे हे उपाय लिम्बच्या बोल्टला लागू नाहीत. लिम्ब रायझरच्या कडेवर टेकून तरफेसारखे काम करते, त्यामुळे ५० पौंडांच्या धनुष्यातही बोल्टवर येणारा भार त्याच्या कित्येक पट असतो आणि आटे सुटले तर लिम्ब थेट तिरंदाजाच्या तोंडाशी उडते. बोल्टचा तुटका तुकडा काढल्यावर आटे शाबूत असतील तर उत्पादकाचाच नवा बोल्ट घालावा. आटे गेले असतील तर निर्णय उत्पादकावर सोपवावा, आणि त्याने नकार दिला तर बाकीची भोके कितीही चांगली असली तरी तो रायझर भंगारात द्यावा.