डॅशबोर्डखालचा कर्णा

ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन 'गाडीला हॉर्न बसवायचेत' म्हटलं, तर दुकानदार आधी बोनेट उघडायला सांगेल. इथे बोलायचंय ते गाणं ऐकवणाऱ्या हॉर्न स्पीकरबद्दल, म्हणजे कर्ण्याबद्दल; पण बोनेटखालचा तो शंखासारखा भोंगाही याच कुळातला आहे. छोटासा पडदा थरथरतो आणि गुंडाळलेली, रुंदावत जाणारी नळी तो आवाज रस्त्यापलीकडे पोचवते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचा कर्णाही असाच. वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही, तरी सुईची बारीकशी थरथर सगळ्या खोलीला ऐकू जायची.

हे कसं घडतं? पाणी न चढलेल्या हातपंपाचा दांडा आठवा. तो भराभर खालीवर होतो, पण हाताला ओझं लागत नाही आणि कामही होत नाही. उघड्या हवेत हलणाऱ्या स्पीकरच्या कागदी शंकूचं तेच होतं. हवा इतकी हलकी, की त्याची बहुतेक मेहनत वाया जाते. दिलेल्या विजेचा जेमतेम 1 टक्का भाग आवाज होतो. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात मात्र हवेला पळायला वाट नसते. पडद्याला ढकलायला काहीतरी मिळतं आणि तो जोर रुंदावत्या नळीतून हळूहळू मोकळ्या हवेत उतरतो. साधा स्पीकर 1 वॉटवर, 1 मीटर अंतरावर साधारण 90 डेसिबल देतो. चांगला कर्णा 105 च्या पुढे जातो. तेवढा आवाज साध्या स्पीकरमधून काढायचा, तर 30 वॉटहून जास्त लागतात. कर्ण्यातला पडदा त्यासाठी जेमतेम हलतो, म्हणून तबल्याची थाप किंवा सतारीचा आघात न चिरडता, टवटवीत येतो.

तरी माझ्या मते गाडीत कर्णा बसवण्याचं खरं कारण मोठा आवाज हे नाहीच. प्रश्न आवाज कुठून येतो हा आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या मांडीशी, डावा पार पलीकडे. दोन्ही अंतरांत 60 सेंटिमीटरचा फरक असला, तर डावा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. आपला मेंदू आधी आलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो, त्यामुळे गाणारी व्यक्ती उजव्या दारात जाऊन बसते. चपटे, रुंद तोंडाचे कर्णे डॅशबोर्डखाली, जमेल तितके पुढे आणि कडेला बसवले, की दोन्ही अंतरांतला फरक कमी होतो. शिवाय कर्णा आवाजाला दिशा देतो, त्यामुळे काचांवर आदळून येणारा गोंधळही घटतो. अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा भरात असताना रिचर्ड क्लार्क यांच्या ब्युइक ग्रँड नॅशनलने हीच मांडणी गाजवली. पुढे इमेज डायनॅमिक्ससारख्या कंपनीने गाडीसाठी घडवलेले कर्णे बाजारात आणले.

अडचण खालच्या सुरांची. कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण ध्वनिलहरीच्या लांबीएवढा लागतो. 1000 हर्ट्झला ती 34 सेंटिमीटर, तेवढं जमतं. 100 हर्ट्झला ती जवळजवळ साडेतीन मीटर होते. एवढं तोंड गाडीत मावणार कुठे? म्हणून साधारण 800 ते 1000 हर्ट्झच्या वरचं काम कर्ण्याकडे आणि खालचं दारातल्या वूफरकडे सोपवावं लागतं. किशोरी आमोणकरांचा भूप लावा. सुरांची मूळ कंपनं बहुतेक या रेषेखालची, तर आवाजाची धार आणि शब्दांची व्यंजनं वरची. जोड नीट बसली नाही, तर एकच गळा दोन ठिकाणांहून गातो. हा सांधा जुळवण्यातच बसवणाऱ्याचं कसब दिसतं. त्यासाठी डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर, हवाच. उशीर त्यातच जुळवायचा आणि कर्ण्याची वरच्या पट्टीतली घसरणही त्यातच भरून काढायची.

जागेचीही मारामारी असते. एका बाजूला पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा, दुसऱ्या बाजूला एसीचा ब्लोअर. पायाला किंवा गुडघ्याच्या एअरबॅगला अडथळा होत असेल, तर तिथे कर्णा बसवूच नये. इतका संवेदनशील स्पीकर ॲम्प्लिफायरची सळसळ आणि अल्टरनेटरची शिट्टीही इमानाने ऐकवतो, तेव्हा गेन कमी ठेवून अर्थिंग नीट करून घ्यावं. कानांचंही जपावं लागतं. आवाज फाटत नाही, त्यामुळे तो किती मोठा झालाय ते कळत नाही. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त 15 मिनिटांची आहे.

काम झालं की इंजिन बंद ठेवून चालकाच्या जागेवर बसा, ओळखीचं गाणं हळू आवाजात लावा, डोळे मिटा आणि गाणारी व्यक्ती जिथे वाटते तिथे बोट दाखवा. डोळे उघडल्यावर बोट गुडघ्याकडे असेल, तर अजून जुळवणी बाकी आहे. समोरच्या काचेकडे असेल, तर गाणं थांबवू नका.